टेकडीवर मागितलेले घर

२१ जुलै, अरेकिपा

आज आणले: लोकरीचे हातमोजे दोन जोड, चौदा सोल (सोळा सांगत होता). मातेच्या पायाशी लावायला मोठ्या मेणबत्त्या दोन, बावीस सोल. यात घासाघीस केली नाही, देवाच्या वस्तूत करू नये. भाजलेला मका दोन किलो, सहा सोल. सुके चीज, एक अख्खा गोळा, अकरा. सेव्हेरोच्या छातीला चोळायचे मलम, चार. माझ्या बुटांना नवे तळ, नऊ. आगगाडीचे भाडे नाही. सेव्हेरोने रेल्वे कंपनीत मालधक्क्यावर इतकी वर्षे कारकुनी केली त्याचा पास आहे, बायकोसकट.

डिसेंबरअखेर सेव्हेरो निवृत्त होणार आणि त्याच दिवशी हे क्वार्टर कंपनीला परत करायचे. लग्न होऊन याच दोन खोल्यांत आले. मूल नाही, तेव्हा कुणा लेकाच्या दारात पेटी ठेवावी असेही नाही. गाठीला आहे त्यात जागा मिळते ती ज्वालामुखीच्या अंगाला, जिथे पाणी नाही. म्हणून कोपाकाबानाच्या मातेकडे जाऊन घर मागायचे ठरवले. माता आहे बोलिव्हियात, म्हणजे सरोवराच्या पलीकडच्या काठाला. पण शिक्का मारून घ्यावा लागतो, म्हणजे परदेशच.

सेव्हेरोला जरा जास्तच आनंद झाला आहे. नवसाला निघालेल्या माणसाला शोभत नाही इतका. म्हणाला, "लग्न झाल्यापासून आपण कुठे गेलोच नाही, म्हातारे."

मी म्हटले, "मोयेंदोला गेलो होतो की."

"काकाच्या मयताला! आणि समुद्रसुद्धा बघू दिला नाहीस. जेवणाचा डबा निवेल म्हणालीस."

डबा निवलाच असता.

१ ऑगस्ट, कोपाकाबाना

पुनोपर्यंत आगगाडी, पुढे मालाच्या ट्रकवर बसून सीमेपर्यंत, तिथून चालत. सीमेवरच्या शिपायाने सेव्हेरोला विचारले, "कशासाठी जाताय?" हा म्हणतो, "मजेसाठी!" मी पुढे होऊन "नवसासाठी" असे सांगितले. शिपाई हसला. मला हसण्यासारखे काही दिसले नाही.

उतरलो आहोत बासिलियाबाई म्हणून एका विधवेकडे. यात्रेकरूंना खोल्या देते. खाली स्वयंपाकघर, वर तीन खोल्या, पत्र्याचे छप्पर वाऱ्याने वाजते. बाई चाळिशीची, या भागातल्या बायका नेसतात तसे एकावर एक घागरे, डोक्यावर गोल टोपी, लिहिता-वाचता येत नाही. स्वच्छ आहे एवढे म्हणेन. जेवणाचे वेगळे पैसे सांगत होती. मी म्हटले, आम्ही आमचे आणले आहे, फक्त गरम पाणी द्या.

"चार दिवस मकाच खाणार, मामिता?" इथे सगळ्याच बायका एकमेकींना मामिता म्हणतात, त्यात आदर नसतो.

"देवाच्या दारी पोट भरायला आलो नाही."

"पण कारकूनसाहेबांचं काय? ते तर माझ्या कढईकडे बघतायत."

सेव्हेरोने मान फिरवली. कढईत सरोवरातले मासे तळत होते.

२ ऑगस्ट

सकाळची मिस्सा. मातेला प्रथम पाहिले. लहानशीच आहे, चेहरा सावळा, अंगावर सोने. मला बोलायचे होते ते सगळे विसरले. नुसते "घर, आई" एवढेच तोंडून निघाले.

सेव्हेरो शेजारी नव्हता. बाहेर चौकात ट्रक आणि मोटारी फुलांनी मढवून रांगेत उभ्या असतात, पाद्री पवित्र पाणी शिंपडतो आणि मालक चाकांवर बीअर ओततात. ते बघत उभा होता. कुणा पुनोच्या ट्रकवाल्याने याच्याही हातात पेला दिला होता. घरी येईपर्यंत मी बोलले नाही. मग बोलले. तो म्हणाला, "रुफिना, फुकट होती." फुकट म्हटले की मला पटेल, असे त्याला वाटले.

दुपारी मका आणि चीज. त्याने चीज ठेवून दिले.

४ ऑगस्ट

काल लिहिले नाही, डोके दुखत होते. इथली हवा पातळ आहे.

नाचणाऱ्यांची पथके आली. बँडचा आवाज भिंतीतून येतो. मुखवटे, मणी लावलेले जडच्या जड अंगरखे, आणि एकाच तालावर डुलत पुढे सरकणे. मी खिडकी लावून जपमाळ घेतली. सेव्हेरोची बोटे खाटेच्या दांडीवर चालली होती. मला ठाऊक नव्हते की त्याला ताल कळतो. शेवटी म्हणाला, "कोपऱ्यापर्यंत तरी येतेस का? पाच मिनिटं."

गेले. खोटे कशाला सांगू, गर्दीत त्याने माझा दंड धरला होता आणि ते बरे वाटले. तिथे जांभळ्या मक्याची गरम लापशी विकतात, दालचिनी घातलेली. त्याने एक पेला घेतला, दोघांत. मी दोन घोट घेतले. इतके चांगले काही मी बऱ्याच दिवसांत प्यायले नव्हते. पण तसे बोलून दाखवले असते तर त्याने दुसरा पेला घेतला असता.

"कसं आहे?" त्याने विचारले.

"गोड जास्त आहे," मी म्हटले. मग जपमाळ राहिली आहे म्हणून परत आलो.

५ ऑगस्ट. मातेचा दिवस

नवस केला. देवळाच्या दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर गेले. फरशी गार आणि खडबडीत. पापनिवेदन केले, ख्रिस्तप्रसाद घेतला, मेणबत्त्या लावल्या. बाहेर आले तेव्हा मोज्यांतून रक्त आले होते. सेव्हेरोला दाखवले. "कशाला गं करतेस असं?" एवढेच म्हणाला. त्याच्याच घरासाठी करते आहे.

बासिलियाबाईने ऊन पाणी आणि कसलासा पाला आणून गुडघे शेकले. हात चांगला आहे तिचा. दोन पेसो द्यायला गेले तर घेतले नाहीत.

६ ऑगस्ट

आजचे सविस्तर लिहिते, कारण सेव्हेरो उगाच तोंड पाडून बसला होता त्याचे कारण मी नव्हे.

गावामागे कालव्हारियोची टेकडी आहे. चढाला क्रुसाच्या वाटेची ठाणी आहेत, ती मी पहिल्याच दिवशी एकेका ठाण्यापाशी प्रार्थना म्हणत केली. पण माथ्यावर जे चालते ते निराळेच. तिथे खेळण्यातली घरे, ट्रक, दुकाने, नोटांच्या गड्ड्या विकतात. जे हवे ते इवलेसे विकत घ्यायचे, बरोबर माध्यान्हीला त्यावर कोकाची पाने आणि धूर फिरवून घ्यायचा, म्हणजे वर्षाच्या आत ते खरे होते. घर हवे असेल तर दोरीने आखलेला ओट्याएवढा प्लॉट घ्यायचा, दगड रचून घर बांधायचे, आणि कागदी कॉलर लावलेला एक इसम नोटरी म्हणून उभा असतो तो कागद करून देतो. थोर थोर माणसे हे करतात म्हणे. पुनोचा तो ट्रकवाला, त्याने तीन वर्षांपूर्वी इथून इवला ट्रक नेला होता.

सेव्हेरोला हे करायचेच होते. "चल ना, म्हातारे. नोटरी एकट्याला प्लॉट देत नाही. घर जोडप्याचं असतं, दोघांनी आत उभं राहावं लागतं."

मी म्हटले, "काल मातेसमोर तोंडात प्रसाद घेतला, आणि आज त्या धूर फुंकणाऱ्यापुढे जाऊन उभी राहू? शिवाय गुडघे बघ."

"मी हात धरून नेतो. हळूहळू चढू."

"घर मी मागितलं आहे. योग्य ठिकाणी मागितलं आहे."

"मग मी एकटा जाऊन काय करू? हसतील मला."

खाली बासिलियाबाई बटाटे सोलत होती. मला वाटले, याचा हट्टही पुरा व्हावा आणि आपला धर्मही राहावा. मी जिन्यातून हाक मारली, "बासिलियाबाई, जरा यांच्याबरोबर वर जाऊन या. माझ्या जागी उभ्या राहा. तुम्हाला ते सगळं येतं."

तिने सुरी खाली ठेवली. "तुमच्या जागी, मामिता?"

"हो. अर्ध्या तासाचं काम."

"असं माणूस पाठवत नाहीत तिथे. वर जे उभं राहतं ते उभं राहतं."

मला हसू आले. "अहो, खेळच आहे तो. तुम्ही काय खरंच माझ्या घरात येऊन राहणार आहात?"

ती हसली नाही. सेव्हेरोकडे पाहिले. तो टोपी हातात फिरवत होता. मग हात पुसून, नवी शाल घेऊन ती गेली. चेष्टेवारी नेण्याच्या गोष्टीला नवी शाल घेतली याचे मला नवल वाटले. पण या बायकांना सणावारी नटायची हौस असते.

तीन वाजता परत आले. सेव्हेरोचा चेहरा उन्हाने लाल, बुटांना माती, अंगाला बीअरचा आणि मासळीचा वास. इतका बोलत होता की मला मध्ये शब्द घालता येईना. नोटरीने विचारले, बायको कोण? बासिलियाबाई म्हणाल्या, मी बायकोच्या जागी. तर नोटरी म्हणतो, जागा रिकामी नाही ना, मग झालं. आणि दोघांची नावे लिहून मोकळा. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, डोक्यावर कागदाचे तुकडे उधळले, चारी कोपऱ्यांवर बीअर ओतली. घर दोघांनी मिळून रचले. "तिला दगड निवडता येतात, रुफिना! चपटे कुठले, गोल कुठले. स्वयंपाकघर तिनेच काढलं, आणि दार केलं तळ्याकडे."

"अरेकिपात तळं कुठे आहे?" मी विचारले.

तो बुटांची माती झाडू लागला.

बीअरचे आणि कागदाचे मिळून अकरा पेसो. मी लिहून ठेवले, बोलले नाही. सणाच्या दिवशी कशाला.

८ ऑगस्ट

उद्या निघायचे होते, पण मी एकटीच निघते आहे. सेव्हेरो म्हणतो की तो टेकडीवरचा कागद पाद्रीबाबांकडूनही आशीर्वादून घ्यावा, म्हणजे त्याला निदान देवाचे पाणी लागेल. हे माझ्याच मनासारखे आहे. पण सणानंतर पाद्री आजूबाजूच्या गावांत गेले आहेत, आठवड्याने येतील. मला थांबता येत नाही, कंपनीचा माणूस क्वार्टरची पाहणी करायला सोमवारी येणार आहे. तेव्हा त्याने थांबावे आणि मी जावे हेच सोयीचे.

राहण्याचा खर्च होणार नाही, हेही ठरवून घेतले. बासिलियाबाईंच्या छपराचे पत्रे निखळले आहेत, सेव्हेरो ते ठोकून देईल, बाई खोलीचे भाडे घेणार नाहीत. सौदा मीच केला. तसे मघाशी तो शिडीवर होता आणि ती खालून म्हणाली, "सेव्हेरो, खिळे खिशात ठेव, तोंडात नको." साहेब नाही, काही नाही. खेड्यातल्या माणसांना पाहुण्याला कसे हाकारावे ते कळत नाही. मी कानाआड केले.

मलम त्याच्यापाशी ठेवले आहे. रोज लावायला बजावले आहे. स्वतःहून लावणार नाही तो.

१९ ऑगस्ट, अरेकिपा

गुरुवारच्या गाडीला आला नाही. स्टेशनवर तोरिबियो भेटला, पुनोच्या गाडीवरचा गार्ड, आमच्याच चाळीतला. चिठ्ठी आणली होती. पाद्रीबाबा अजून आले नाहीत. छपराचे काम दिसत होते त्यापेक्षा मोठे निघाले, वासेही बदलावे लागतील. तब्येत उत्तम. जेवण तिथेच होते, त्याचेही पैसे घेत नाहीत.

म्हणजे दोन आठवड्यांचा किराणा वाचला. त्यातून फरशीला मेण घेतले. पाहणीचा माणूस म्हणाला होता, जमीन चांगली राखली आहे. यापुढे कुणासाठी राखायची ते विचारावेसे वाटले.

६ सप्टेंबर

दुसरे पत्र. कंपनीने उरलेली रजा मंजूर केली आहे. त्याने परस्पर तारेने मागितली. मला सांगितले असते तर अर्ज मीच नेऊन दिला असता, तारेचे पैसे वाचले असते. लोकरीची बंडी, रंधा आणि हातोडी मागवली आहे. पाठवली. बंडीच्या खिशात मातेचे चित्र घातले.

त्याचे अक्षर सुधारले आहे. पूर्वी ओळी खाली घसरत.

२९ सप्टेंबर

नळावर तोरिबियोची बायको भेटली. सगळ्या बायका होत्या. म्हणाली, "काय रुफिना, यजमान तिकडे मासे विकतात म्हणे? तोरिबियोने पाहिलं. कमरेला एप्रन, डोळ्यांवर टोपी, अगदी आरोळी देतायत."

मी म्हटले, "बासिलियाबाई मासेही विकत असतील, त्यांचा माणूस आजारी असेल. मदत करत असतील."

"हो ना, मदतच. रंगल्यावर नाचतातही म्हणे. ताल चांगला आहे."

बाकीच्या बादलीत बघू लागल्या. मी माझी बादली पुरी भरून घेतली, सांडू न देता आणली. मग दार लावले.

अरेकिपात त्याने भर रस्त्यात एक शेंगदाणा विकला नसता. तीस वर्षे मी त्याच्या कॉलरला खळ लावली.

१२ ऑक्टोबर

फादर इल्देफोन्सोंकडे गेले. पापनिवेदन नव्हे, नुसते विचारायला. सगळे सांगितले. टेकडी, नोटरी, नावे, आणि मी हाक मारून तिला पाठवले तेही.

फादर म्हणाले, "रुफिना, तो पोरखेळ आहे. तुमचं लग्न वेदीपुढे झालं आहे. दगडांच्या खेळाने ते मोडत नाही."

"मग मोडलं कशाने, फादर?"

त्यांनी मातेच्या नावाने आणखी नऊ दिवसांची प्रार्थना सांगितली. मी हो म्हटले. देवळातून बाहेर पडताना मात्र मनात आले ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही. मी रक्त सांडून गेले होते. तो बीअर ओतून गेला. दोघांनी घरच मागितले, एकाच आठवड्यात, एकाच मातेच्या गावात. आई, तू कुणाचे ऐकलेस ते मला दिसते आहे. तुझ्यासमोर यापुढे मी गुडघे टेकीन, पण पूर्वीसारखे बोलणार नाही.

प्रार्थना सुरू केलेली नाही.

३ नोव्हेंबर

काल मृतांचा दिवस. कबरस्तानात एकटीच गेले, सासूबाईंच्या दगडावर फुले ठेवली. सेव्हेरोची आई ती, माझी नव्हे. पण दगड घासायला दरवर्षी मीच जाते. त्यांना सांगितले, तुमचा मुलगा बरा आहे, छाती दुखत नाही त्याची.

घरी आले आणि जांभळा मका आणून ती लापशी करून पाहिली. दालचिनी घातली, गूळ घातला. तशी झाली नाही. एकटीसाठी पातेलेभर झाली होती, शेजारी देता येईना, कोण काय विचारील. काल प्यायले, आज उरलेली पिते आहे.

१७ नोव्हेंबर

पत्र आले. यात छपराचे काही नाही. पेन्शनचा कागद पुनोच्या कचेरीत वळवून घेतला आहे, त्यातला अर्धा भाग मला दरमहा येईल असे लिहिले आहे. तो वचनाचा पक्का आहे, येईल. "तू रागावू नकोस, रुफिना. मी काही ठरवून केलं नाही. तू वाईट नाहीस. तुझ्यासारखी सांभाळणारी बाई कंपनीत दुसरी नाही, हे सगळे म्हणतात. पण इथे सकाळी उठल्यावर मला भूक लागते." असे शेवटी आहे.

भूक मी त्याला कधी लागू दिली नाही.

खाली तिचा निरोप, त्याच्याच अक्षरात: "मामिताला सांगा, मी तेव्हाच विचारलं होतं."

१८ नोव्हेंबर

रडून झाले. उत्तर लिहिले. खर्डा इथे उतरून ठेवते.

सेव्हेरोस,

तुझे पत्र पोचले. हिवाळी कपड्यांचे गाठोडे तोरिबियोबरोबर पाठवले आहे. गाठ सोडताना दोरी कापू नये, चांगली आहे. छपराचे काही लिहिले नाहीस, म्हणजे ते झाले असावे. तिने विचारले होते हे खरे आहे, मी नाही म्हणत नाही.

काल कंपनीचा साहेब आला होता. भिंती पाहिल्या, काचा मोजल्या, मोरीचा नळ सोडून पाहिला. मोडतोड काही नाही असे लिहून घेतले. एकतीस डिसेंबरला किल्ली द्यायची आहे. माणूस सभ्य आहे. जाताना टोपी काढून त्याने विचारले, "मग बाई, तुम्ही जाणार कुठे?" यजमानांना विचारून सांगते, असे मी त्याला म्हटले.

तर विचारते आहे. उलट टपाली कळवावे.

रुफिना